पोरगा लंडनमध्ये नट व्हायचं म्हणतो

पत्र : आम्ही स्लावला राहतो. थोरला सतरा वर्षांचा, इयर ट्वेल्व्हला आहे. मॅथ्स, फिजिक्स आणि ड्रामा असे विषय. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत एकांकिका केली तेव्हापासून त्याच्या डोक्यात नाटकच आहे. ड्रामा स्कूललाच जाणार म्हणतो. ह्यांचं म्हणणं, आधी इंजिनिअरिंगची पदवी घे, मग तीन वर्षं खुशाल नाटक शीक, आम्ही आडवे येणार नाही. विषय निघाला की बापलेक ताटावरून उठतात. त्यात धाकटीला, ती अकराची आहे, डान्स क्लासच्या बाईंनी वेस्ट एंडच्या (लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीच्या) एका म्युझिकलच्या ऑडिशनला पाठवलं आणि तिला दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलंय. बाई म्हणतात, स्पायडरमॅनचा टॉम हॉलंड असाच पुढे आला. यात खर्च किती, पोट भरतं का, आपलं मराठी नाव आड येतं का आणि फसवणारे कसे ओळखायचे? — एक आई

प्रिय ताई,

सुरुवात यजमानांच्या वाक्यापासून करू, कारण त्यात एक खड्डा आहे आणि तो बऱ्याच घरांना उशिरा दिसतो. इंग्लंडमध्ये सरकारचं स्टुडंट लोन साधारणपणे पहिल्या पदवीपुरतंच मिळतं. ते इंजिनिअरिंगला वापरलं की पुढे अ‍ॅक्टिंगच्या तीन वर्षांच्या बीएला फीचं कर्ज मिळत नाही. २०२५-२६ ला फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. त्या दराने तीन वर्षांचे साडेअठ्ठावीस हजारांच्या वर, तेही रोख, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. "आधी इंजिनिअरिंग, मग नाटकाची पदवी" ही वाट ऐकायला शहाणपणाची वाटते, पण बहुतेक घरांना ती परवडत नाही.

दोन वाटा मात्र खरोखर चालण्याजोग्या आहेत. एक, सरळ ड्रामा स्कूलची बीए, पहिल्या पदवीचं कर्ज घेऊन. दुसरी, इंजिनिअरिंगच, पण जिथे विद्यार्थ्यांचं नाटक जोरात चालतं अशा विद्यापीठात. पदवीनंतर ड्रामा स्कूलचा एक-दोन वर्षांचा एमए करता येतो. मास्टर्सचं कर्ज निराळं असतं आणि पहिली पदवी झाली असली तरी ते मिळतं. एकूण बारा-तेरा हजार पौंडांच्या घरातलं हे कर्ज, आणि लंडनमधल्या एमएची नुसती फी पुष्कळ ठिकाणी त्याहून जास्त असते, म्हणून मधली तीन-चार वर्षं त्यासाठी थोडं थोडं बाजूला टाकावं लागतं. ही दुसरी वाट कमी प्रतीची नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नाट्यमंडळांतून इंग्रजी रंगभूमीवर आलेल्यांची रांग मोठी आहे.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. फीचा हा दर आणि कर्ज दोन्ही 'होम' विद्यार्थ्याला मिळतात. त्यासाठी साधारणपणे ब्रिटिश नागरिकत्व किंवा आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) लागतं आणि कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल तर बहुधा फी परदेशी विद्यार्थ्याची लागते, दुपटीहूनही जास्त, आणि कर्ज नाही. आयएलआरला एक वर्ष बाकी असेल तर मुलाने एक वर्ष थांबून अर्ज केलेला बरा. या क्षेत्रात एका वर्षाने काही बिघडत नाही. ड्रामा स्कूलमध्ये वीस-एकविसाव्या वर्षी प्रवेश मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवड होणारे पुष्कळ असतात.

हे थांबणं तुम्ही नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये नट म्हणून टिकतो तो बहुतेक वेळा सगळ्यात हुशार मुलगा नसतो. ज्याला दोन कामांच्या मधले सहा महिने कर्ज न करता आणि मन न मारता काढता येतात, तो टिकतो. फी, कर्ज, राहायची सोय, जोडधंदा, एजंट या सगळ्यांकडे बघताना एकच विचारा : याने मुलाची थांबायची ताकद वाढते की कमी होते?

या हिशेबात तुम्ही स्लावला राहता ही जमेची बाजू आहे. एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलं की रॅडा या नावाजलेल्या ड्रामा स्कूलची गॉवर स्ट्रीटवरची इमारत चालत दहा-बारा मिनिटांवर. लंडनमध्ये खोली भाड्याने न घेता जो मुलगा शिकू शकतो, आणि शिक्षण संपल्यावरही दोन-तीन वर्षं घरीच राहू शकतो, त्याला बाकीच्यांना न मिळणारी मुदत मिळते. मँचेस्टर किंवा न्यूकॅसलहून आलेल्या मुलाला ऑडिशनइतकीच भाड्याचीही काळजी असते.

कर्जाची भीती जरा मोजून घ्या. ऑगस्ट २०२३ पासून सुरू झालेल्या पदव्यांच्या कर्जात वार्षिक २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के कापले जातात, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. वर्षाला २८,००० मिळवले तर वरच्या ३,००० वर ९ टक्के, म्हणजे वर्षाचे २७०. कमाई २५,००० च्या खाली असेल त्या वर्षी काहीच नाही. व्याज मात्र चढत राहतं, हेही मुलाला माहीत असू द्या. क्रेडिट कार्डाचं कर्ज असं वागत नाही, म्हणून फोटो, वर्कशॉप, एडिनबराच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवाची वारी यांसाठी कार्ड कधीही वापरू देऊ नका.

आता प्रवेशाचं. रॅडा, लॅम्डा, गिल्डहॉल, रॉयल सेंट्रल, माउंटव्ह्यू, रोझ ब्रुफर्ड, कार्डिफचं रॉयल वेल्श आणि ग्लासगोचं रॉयल कॉन्झर्वेटॉयर ही नावं तुम्ही ऐकली असतील. नावाजलेल्या शाळेत अ‍ॅक्टिंगच्या वर्गात वर्षाला जेमतेम तीसेक जागा आणि अर्ज हजारोंनी. गुणांची अट हलकी असते, निवड ऑडिशनवर होते. तरी मॅथ्स-फिजिक्स सोडू देऊ नका. ए-लेव्हलला गणित असलेल्या नटाला पुढे शिकवण्या मिळतात, आणि ताशी दर बारमधल्या नोकरीपेक्षा चांगला असतो. चार ते सहा शाळांना अर्ज करा. काही ठिकाणी थेट अर्ज, काही ठिकाणी यूकास (विद्यापीठांच्या अर्जांची सामायिक यंत्रणा), काही ठिकाणी यूकास कॉन्झर्वेटॉयर्स, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. सप्टेंबरातच एका वहीत तारखा उतरवून काढा. ऑडिशनची फी घेणाऱ्या शाळा कमी उत्पन्नाच्या घरांना ती माफही करतात, पण त्यासाठी आधी विचारावं लागतं. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

ऑडिशनला साधारणपणे दोन उतारे मागतात : एक शेक्सपिअर किंवा त्याच्या काळातल्या नाटककाराचा पद्यातला, एक आधुनिक. प्रत्येकी दोन मिनिटांच्या आसपास, नेमकी मर्यादा शाळेगणिक बदलते. दोन मिनिटांत पद्याच्या वीस ओळी बसतात. आधुनिक नाटकातले अडीचशे शब्द बसतात, त्याहून जास्त घेतले तर मुलगा धावत सुटतो. दोन मुख्य आणि दोन राखीव असे चार उतारे तयार हवेत, कारण "दुसरं काही आहे का?" असं हमखास विचारतात. काही शाळा गाणंही मागतात. ते सुरात असलं आणि अर्थ समजून म्हटलेलं असलं तरी पुरतं.

उतारे निवडतानाच निम्मी मुलं चुकतात. सतरा वर्षांचा मुलगा म्हाताऱ्या राजाचं स्वगत घेतो, कारण ते गाजलेलं असतं. परीक्षकांना त्यात मुलगा दिसत नाही, फक्त ओढूनताणून आणलेला भारदस्त आवाज ऐकू येतो. पात्र वयाने जवळचं घ्यावं, समोर कोणाशी तरी बोलणारं घ्यावं आणि ज्याला त्या दोन मिनिटांत काहीतरी हवं आहे असं घ्यावं. इंटरनेटवर 'ऑडिशनसाठी मोनोलॉग' म्हणून सुटे तुकडे मिळतात, ते नकोत. त्यांच्यामागे नाटकच नसतं. मग "हे बोलण्याआधी काय घडलं?" या पहिल्याच प्रश्नाला मुलगा गप्प होतो. पूर्ण नाटक वाचलेलं असलंच पाहिजे, एकदा नाही, तीनदा.

पद्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे तुमच्या मुलाकडे एक भांडवल असू शकतं. शेक्सपिअरच्या ओळीत साधारण दहा अक्षरोच्चार असतात, एक हलका एक जड अशा पाच जोड्या. नवशिका मुलगा एकतर ठेका धरून पाढे म्हटल्यासारखं म्हणतो, किंवा गद्य समजून ओळीच्या मधेच श्वास घेतो. ज्याने लहानपणी मनाचे श्लोक मोठ्याने म्हटलेत त्याला हे लवकर उमगतं : भुजंगप्रयाताची चाल कानात ठेवूनही अर्थ सांगता येतो आणि यतीवर थांबूनही वाक्य पुढे नेता येतं. त्याला हा सराव द्या. ओळ म्हणताना खोलीत चालायचं आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. ज्या ठिकाणी तो सारखा वळतोय तिथे पात्राचं मन हलतंय, जिथे सहा ओळी सरळ चालतोय तिथे ते ठाम आहे. आठवडाभर हे केलं की पाठांतर पायात उतरतं. मग ओळीचा शेवटचा शब्द जपायचा. इंग्रजी पद्यात अर्थाचं वजन पुष्कळदा तिथेच असतं, आणि थकलेला मुलगा नेमका तोच शब्द गिळतो.

पहिली फेरी पुष्कळदा व्हिडिओवर होते. पुढच्या फेऱ्या खोलीत आणि शेवटची दिवसभराची कार्यशाळा. खोलीत परीक्षक मधेच थांबवून सांगतील, "हेच आता असं म्हण, की शेजारी कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही." ते नवीन म्हणणं चांगलं झालं नाही तरी चालतं. बदल होतो का एवढंच ते बघत असतात. घरी आरशासमोर एकाच पद्धतीने दोनशे वेळा घोटलेला उतारा इथे मोडतो. म्हणून तालमीत आठवड्यातून एकदा मुद्दाम उलटं करायला लावा : रागाचा उतारा हसत म्हण, धावपळीचा बसून म्हण. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलू नये. ज्याच्याशी बोलायचं ती व्यक्ती त्यांच्या डोक्याच्या जरा वर, भिंतीवर एका ठिकाणी उभी करावी.

शाळा निवडताना ओपन डेला जाऊन तीन प्रश्न विचारा : आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, शेवटच्या वर्षी एका मुलाला किती नाटकांत भूमिका मिळतात, आणि गेल्या वर्षी शोकेसनंतर (एजंटांसमोर होणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या प्रयोगानंतर) किती जणांना एजंट मिळाले. संस्थेची आर्थिक तब्येतही विचारा, त्यात संकोच नको. २०२२ च्या एप्रिलमध्ये आल्रा ही जुनी शाळा एकाएकी बंद पडली आणि मुलांना दुसरीकडे सामावून घ्यावं लागलं.

ड्रामा स्कूल न करताही माणसं येतात, हे खरं आहे. हॅरोच्या देव पटेलच्या आईने वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून त्याला खुल्या ऑडिशनला नेलं आणि शाळेत असतानाच त्याला टीव्ही मालिका मिळाली. पण अशी जाहिरात आपल्या हातात नसते. आपल्या हातात आहे ते नॅशनल यूथ थिएटर. १९५६ सालची ही संस्था, डॅनिएल क्रेग आणि हेलन मिरन तिथलेच. चौदा ते पंचवीस वयाच्या मुलांच्या तिथे ऑडिशन होतात, त्यामुळे तुमच्या मुलाने ती येत्या खेपेलाच द्यावी. निवड झाली तर उत्तम, नाही झाली तर अनोळखी माणसांसमोर उभं राहायची पहिली भीती मोडते. मंडळाच्या रंगमंचावर समोर सगळे काका-मावश्या असतात, ही गोष्ट निराळी पडते.

शिक्षण संपल्यावर काय होतं? शेवटच्या वर्षी शोकेस होतो, एजंट आणि कास्टिंग डिरेक्टर येऊन बघतात. स्पॉटलाइट या डिरेक्टरीत नाव नोंदवावं लागतं. १९२७ पासून इंग्लंडचं कास्टिंग तिच्यावर चालतं आणि मोठ्या कामांच्या बातम्या तिथूनच एजंटांकडे जातात. तिथे भाषा आणि बोलींचा रकाना असतो. त्यात मराठी आणि हिंदी खरं जेवढं येतं तेवढंच लिहावं. 'उत्तम' लिहिलं आणि सेटवर तीन पानं हिंदी हातात पडली तर दिवस वाया जातो आणि नाव खराब होतं.

नावाचं विचारलंत. बदलू नका. मात्र ते एकदाच ठरवा. इक्विटी ही नटांची युनियन १९३० सालची. तिच्या दोन सभासदांना एकच व्यावसायिक नाव घेता येत नाही. विद्यार्थी सभासद होऊन नाव आधीच राखून ठेवता येतं. रोमन अक्षरांतलं स्पेलिंग पासपोर्ट, स्पॉटलाइट, इक्विटी सगळीकडे तेच ठेवा, आणि मुलाला आपलं नाव सावकाश, स्वच्छ, न लाजता उच्चारायला शिकवा. समोरचा चुकला तर हसून एकदा दुरुस्त करावं. आडनावातला 'ळ' त्यांना जमणार नाही, त्याचं काही नाही. दुसरी अडचण खरी आहे, ती म्हणजे पहिली दोन-चार बोलावणी डॉक्टर, दुकानदार, टॅक्सीवाला अशा भूमिकांची येतात. त्यावर उपाय म्हणजे रंगभूमी. जतिंदर वर्मांनी उभी केलेली तारा, १९८९ सालची तमाशा, स्त्री-लेखिकांची काली, वॉटफर्डची रिफ्को या संस्था आपल्यासारख्या चेहऱ्यांना पूर्ण माणसाची भूमिका देतात. त्यांची नाटकं आत्तापासून बघायला लावा. पुढे नोकरी मागायला जाताना त्यांचं काम न पाहिलेला मुलगा लगेच ओळखू येतो.

पोट भरतं का? नाटकाचं काम साधारण असं : तीन-पाच आठवडे तालीम, मग आठवड्याला आठ प्रयोग, सोमवार ते शनिवार. दौऱ्यावर राहायच्या भाड्याच्या खोल्यांना तिथे डिग्ज म्हणतात. नाताळात पँटोमाइमचा (गाणी-विनोदांनी भरलेल्या कौटुंबिक नाटकांचा, मूकाभिनयाचा नव्हे) हंगाम, दिवसाला दोन-दोन प्रयोग, कंबरडं मोडणारं पण खात्रीचं काम. शाळांमधून फिरणाऱ्या नाटकमंडळ्याही आहेत. काम संपलं की आठवड्याचा पगार संपला. टीव्हीचा एक दिवस ५०० पौंडांचा धरा. एजंटचे १५ टक्के म्हणजे ७५, त्यावर व्हॅट १५. उरले ४१०. त्यातला चौथा हिस्सा करासाठी बाजूला. हातात तीनशेच्या आसपास, आणि पुढचा दिवस कदाचित दोन महिन्यांनी. 'पेन्सिल' हा शब्द मुलाला कळायला हवा. ती तारीख राखून ठेवली, पण काम पक्कं नाही, असा त्याचा अर्थ. पेन्सिलच्या भरवशावर नोकरी सोडणारी मुलं फार पस्तावतात.

कर त्याला स्वतः भरावा लागेल. वर्षभरात एक हजार पौंडांच्या वर मिळाले की ६ एप्रिल ते ५ एप्रिलच्या त्या वर्षानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करायची, ३१ जानेवारीपर्यंत विवरण भरायचं. एजंटचं कमिशन, स्पॉटलाइट, इक्विटी, फोटो, ऑडिशनचा प्रवास यांचा खर्च वजा होतो, म्हणून तिकिटं जपावीत. रोजचे कपडे वजा होत नाहीत.

आणि एक जोडधंदा हातात हवा, असा की आदल्या रात्री ऑडिशनचा फोन आला तरी सुट्टी मिळेल. शिकवण्या, थिएटरच्या दारावरची कामं, डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांसाठी रुग्णाची भूमिका करणं, ही या बिरादरीतली नेहमीची कामं. धाकटीच्या बाईंनी टॉम हॉलंडचं नाव घेतलं ना? त्यालाही मधल्या कोरड्या काळात आईने कार्डिफला सुतारकाम शिकायला पाठवलं होतं, त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. बाईंनी गोष्टीचा हा भागही सांगायला हवा होता. विम्बल्डनला डान्स शिकत असताना त्याला हेरलं, पण रंगमंचावर येण्याआधी दोनेक वर्षं तयारी झाली. २००८ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरला 'बिली एलियट' या म्युझिकलमध्ये तो आला तो मायकलच्या भूमिकेत, मुख्य भूमिकेतला बिली सप्टेंबरात झाला आणि २०१० च्या मे महिन्यात बाहेर पडला. पुढे क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकला, ते सरकारी पैशावर चालतं, फी नाही, चौदाव्या आणि सोळाव्या वर्षी प्रवेश देतं. तुमची लेक तीन वर्षांनी तिथे अर्ज करू शकेल, फक्त रोजचं अंतर आधी मोजा.

तिच्यासाठी आत्ता हे लक्षात ठेवा. ऑडिशनला परवाना लागत नाही, पण निवड झाली तर तुमच्या कौन्सिलचा चाइल्ड परफॉर्मन्स लायसन्स लागतो. अर्ज निर्माता करतो, कामाच्या निदान २१ दिवस आधी. तुमची सही, जन्मदाखला, फोटो आणि शाळेच्या हेडचं पत्र लागतं. हेडला निवड व्हायच्या आधीच भेटून ठेवा. ऐनवेळी शाळा नाही म्हणाली की सगळं अडतं. नऊ वर्षांच्या वरच्या मुलाला कामाच्या जागी सकाळी ७ च्या आधी आणि रात्री ११ च्या नंतर थांबवता येत नाही. एकूण साडेनऊ तासांहून जास्त नाही, त्यातलं प्रत्यक्ष काम पाच तास, सलग अडीच तासांपर्यंतच. दोन दिवसांच्या मधे १२ तास विश्रांती. शाळा बुडत असेल तर दिवसाला तीन तास शिकवणं बंधनकारक आहे. परवानाधारक शॅपरोन (मुलांवर देखरेख करणारा माणूस) सोबत असतो, त्याच्याकडे बारापेक्षा जास्त मुलं नसतात. मुलांची भूमिका तीन-चार जणांत वाटलेली असते, म्हणजे आठवड्याला दोन-तीन प्रयोग. तरी रात्री साडेदहाला सुटलेल्या मुलीला आणायला कोण जाणार, हे निवडीआधी ठरवा.

अशा भूमिकांना उंचीची मर्यादा असते आणि प्रत्येक फेरीला उंची मोजतात. पट्टीपेक्षा वर गेली की काम संपतं, तिने कितीही छान केलं असलं तरी. हे तिला आत्ताच, शांतपणे, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करत सांगा : तू वाढलीस की तुझी जागा दुसरीला मिळेल, त्यात तुझं काही चुकलेलं नसेल. आधी कळलेलं असलं की मुली हे सहज पचवतात. पैसे तिच्याच नावावर ठेवा. ज्युनिअर आयएसएमध्ये (मुलांच्या नावच्या करमुक्त बचत खात्यात) वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत टाकता येतात.

फसवणारे ओळखायला अवघड नाहीत. खरा एजंट काम मिळाल्यावर कमिशन घेतो, नाटकात दहा-पंधरा टक्के, पडद्यावर पंधरा-वीस. काम शोधून देण्याबद्दल आगाऊ पैसे घेणं कायद्यात बसत नाही. डिरेक्टरीत नाव छापण्याची फी मागता येते, पण तिलाही तीस दिवस विचाराला द्यावे लागतात. "आमच्याच फोटोग्राफरकडे पोर्टफोलिओ काढा", "आजच भरा, उद्या जागा नाही", हॉटेलच्या हॉलमधली निवड आणि प्रत्येक मुलाला 'खास' ठरवणारी चिठ्ठी, यातलं एकही दिसलं की उठून या. चांगल्या हेडशॉटला लंडनमध्ये दोनशे ते पाचशे पौंड पडतात, फोटोग्राफर तुम्ही निवडायचा, आणि फोटोतला मुलगा दारातून आत येणाऱ्या मुलासारखाच दिसला पाहिजे.

शेवटचं काम याच शनिवारचं. मुलाला पहिल्या फेरीसाठी सेल्फ-टेप (घरीच ऑडिशनचा व्हिडिओ) करायला शिकावं लागेल, पुढे आयुष्यभर करावं लागेल. फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. मागे साधी राखाडी किंवा निळी चादर, इस्त्री केलेली. खिडकी समोर, पाठीशी नको. छातीपासून वर चौकट. नजर लेन्सच्या अगदी शेजारी. फ्रिज बंद करा, त्याची घरघर टेपमध्ये येते. लेन्सच्या बाजूला बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला एक माणूस लागतो. त्याने अभिनय करायचा नसतो. हळू आवाजात, सपाट, वेळेवर वाचायचं आणि मुलाचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, एवढंच. मित्र बसले की तेच जोरात अभिनय करतात आणि टेप वाया जाते. हे काम यजमानांना द्या. इंजिनिअरिंगची बाजू घेणारा माणूस सूचना नीट वाचतो आणि आवाज चढवत नाही. तीन टेक घ्या, चौथा नको, आणि कुठला पाठवायचा ते मुलाला ठरवू द्या.